उद्या आवळायची पट्टी

मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षाला असताना मी आठवड्याचे साडेपाच दिवस पुण्यात मेलेली माणसं फाडत असे आणि उरलेला दीड दिवस लोणावळ्याच्या तालमीत जिवंत माणसं पाडत असे. हे वाक्य मी त्या काळात बऱ्याच जणांना ऐकवलं. लोक हसायचे. आपण फार हुशार आहोत अशी माझी समजूत होती, आणि ती तशी असायला माझ्यापाशी कारणंही होती. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या पाच-सहा वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

माझे वडील लोणावळ्याच्या बाजारात पत्र्याचं काम करत. ट्रंका, कंदील, नरसाळी, आणि पावसाळा तोंडावर आला की तुंगार्लीच्या बंगल्यांच्या पन्हळी. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंत गेलेला मी पहिलाच. मला स्कूलमध्ये प्रवेश मिळाल्याचं पत्र यायच्या आधीच वडिलांनी माझ्यासाठी ट्रंक बनवली होती आणि पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगात ‘डॉक्टर’ असं लिहवून घेतलं होतं. पुण्याच्या खोलीत ती ट्रंक मी भिंतीकडे तोंड करून ठेवत असे. बरोबरची मुलं तरी ती सरळ करून ठेवायचीच.

तालमीत मी दहाव्या वर्षापासून जात होतो. तिथे कोनाड्यात मारुती होता आणि त्याच्या दिव्याला तेल घालायची पाळी वारानुसार ठरलेली होती. माझा वार रविवार. मी मुसलमानाचा आहे म्हणून त्या पाळीत कधी फरक पडला नाही आणि वस्तादांचाही त्या बाबतीत काही विचार असावा असं वाटत नाही. त्यांचा विचार माती, घाम आणि वेळेवर येणं एवढ्याचाच असे. वस्ताद म्हणजे घाटातल्या रेल्वेच्या गँगवर मुकादम होते ते म्हातारे गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू. साठी उलटली होती, आणि माझ्या पहिल्या वर्षातच त्यांचे हात कापायला लागले. चहाची बशी ते दोन्ही हातांनी धरत आणि तरी थोडा चहा सांडायचाच. आम्ही तिकडे बघत नसू.

मी मुडदे फाडतो हे कळल्यावर त्यांनी माझ्यापुरता एक नवा नियम केला. शनिवारी गाडीतून उतरल्यावर सरळ मातीत यायचं नाही. आधी लिंबाचा पाला घातलेल्या पाण्यानं आंघोळ, मग धुतलेला लंगोट, मग मारुतीला नमस्कार, मग माती. मी म्हटलं, “आबा, फॉर्मॅलीनमध्ये सगळे जंतू मरतात.”

“जंतू मरत असतील,” ते म्हणाले, “वास कुटं मरतोय?”

वास खरंच मरत नव्हता. घरी आई मला परातीतल्या पिठाला हात लावू देत नसे.

माझा जोडीदार कुरवंड्याचा होता. जोडीदार म्हणजे रोज ज्याच्याशी लढायचं तो. तो माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठा, भातखाचरांच्या घरचा, आणि अंगानं माझ्या दीडपट. घरी म्हातारे वडील होते, पण नांगराला हात घालणारा हा एकटाच. आठवड्यातून तीन-चार वेळा तो डोंगरावरून चालत लोणावळ्यात यायचा, दोन तास मेहनत करायचा आणि चालत परत जायचा. चौथीत शाळा सोडलेली होती. पण माझ्या शिक्षणाचा त्याला माझ्या वडिलांपेक्षा जास्त अभिमान होता, आणि त्याच्याइतका उपयोग मला दुसऱ्या कुणाचा झाला नाही.

झालं असं की पहिल्या वर्षी शरीरशास्त्र पाठ करता करता माणसाचा जीव जातो. आम्हा दोघा-दोघांना मिळून मुडद्याचा एकेक भाग वाटून देत. मला हात मिळाला होता. पण मुडद्याचा हात म्हणजे नुसत्या भिजून फुगलेल्या दोऱ्या. कुठली दोरी ओढली की काय हलतं ते त्यावरून कळत नाही. शनिवार-रविवारी सगळी पुण्याची मुलं घोकत बसलेली असताना मी तालमीत दंड काढत असे, त्यामुळे मी मागे पडायला लागलो होतो. मग मला युक्ती सुचली. जोडीदाराचा उजवा हात मी समोर मांडीवर घ्यायचा आणि म्हणायचं, “मूठ वळ.”

तो मूठ वळायचा. मनगटापासून कोपरापर्यंत सगळं कसं स्वच्छ उठून दिसायचं! पुस्तकातल्या चित्रातसुद्धा इतकं स्वच्छ नव्हतं. मी टाकानं त्याच्या कातडीवर रेघा मारायचो. हा मनगट वाकवणारा, हा बोटं मिटणारा, हा अंगठ्याचा. हाताच्या पुढच्या बाजूला कोपराखाली आठ स्नायू आहेत. वर पाच, आत तीन. मधून नाडी जाते. त्या आठांची लांबलचक विलायती नावं पाठ होईनात, तेव्हा आम्ही ती बैठकांना लावली. एक, दोन, तीन मोजायच्या ऐवजी एका बैठकेला एक नाव. आठ झाली की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा दिवसांत त्याचीही पाठ झाली. मी चुकलो की तोच बैठक अर्धवट सोडून ओरडायचा, “ए डाक्तर, पामारीस खाल्लंस की!”

शाई आठवडाभर जायची नाही. त्याची आई विचारी, हातावर काय गोंदलंय. तो सांगे, शाळा चाललीय हातावर.

स्कूलमध्ये पहिल्याच दिवशी प्रिन्सिपॉल साहेबांनी आम्हाला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, रोज व्यायाम करा, आजारी डॉक्टर कुणाला नको असतो. ती मी पाळत होतो. दुसरी, पास होऊन सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत कुणाच्या अंगाला इलाज म्हणून हात लावायचा नाही. लावल्याचं कळलं तर त्याच दिवशी नाव काढलं जाईल. ही मला सोपी वाटली होती.

फेब्रुवारीत आमच्या शरीरशास्त्राच्या मास्तरांनी मला बोलावून घेतलं. माझ्या कानांकडे बघत ते म्हणाले, “पहिलवान, कान मोडलेत तसं डोकं मोडू नका. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो. एक काहीतरी धरा.” मी मान हलवली. मला एक काहीतरी धरायचं नव्हतं. मला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही जमतं हे मला मास्तरांना दाखवायचं होतं. तरी वस्तादांना मी सांगून टाकलं की तळेगावजवळच्या उर्श्याच्या जत्रेनंतर परीक्षेपर्यंत मी येणार नाही. ते म्हणाले, “बरं.” पुढे कळलं की उर्श्याची जत्रा चैत्रातल्या ज्या रविवारी होती, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझा पहिला पेपर होता. म्हणजे ‘जत्रेनंतर परीक्षेपर्यंत’ या बोलण्यात काही अर्थच उरला नव्हता. मी जायचं ठरवलं. आमच्या जोडीचा शब्द वस्तादांनी उर्सेकरांना देऊन ठेवला होता हे एक कारण. दुसरं कारण मी सांगितलंच आहे.

जत्रेत माझी कुस्ती बरोबरीत सुटली. ती कशी झाली ते मला आठवत नाही. जोडीदाराची मात्र आठवते. समोरचा चाकणकडचा होता, त्याच्यापेक्षाही जड. आमच्या जोडीदारानं त्याला उचलला, पण पाय घसरला आणि दोघं एकदम खाली आले, तेव्हा याचा उजवा हात त्या दोघांच्या खाली होता. आवाज ओल्या काटकीचा यावा तसा आला. ढोल वाजत होता तरी तो मला ऐकू आला. हात मनगट आणि कोपर यांच्या मधे वाकला होता, जिथे हात वाकत नाही.

तळेगावला डॉक्टर होता. बैलगाडीनं गेलो असतो तर दीड-दोन तासांत पोचलो असतो. ही गोष्ट तिथे कुणाच्या डोक्यातसुद्धा आली नाही, आणि याला अडाणीपणा म्हणू नये. तालमीत मोडलेलं हाड तालमीतच बसवायचं ही रीत होती आणि आबांनी बसवलेली हाडं मी दहा-बारा तरी पाहिली होती. सगळी नीट बसलेली. त्यांच्या पिशवीत उडदाचं पीठ, तासलेल्या बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या कायम असत. गावातून कुणी अंडी आणली. अंड्याचा पांढरा बलक आणि उडदाचं पीठ कालवून लेप करायचा, हाड ओढून सरळ करायचं, लेप लावायचा, वर कामट्या, वर पट्टी.

आबांनी पीठ कालवायला घेतलं आणि त्यांचे हात इतके कापायला लागले की भांडं खाली ठेवावं लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “तू बांध. तू डाक्तर हायेस.”

भोवती शंभर माणसं उभी होती. प्रिन्सिपॉल साहेबांचं वाक्य मला आठवलं का? आठवलं. पण त्या वेळी मला बरंच वाटलं, हे खरं आहे. हाड मी चांगलं बसवलं. ते पुढे पुण्याच्या सर्जननंही कबूल केलं. कुठलं हाड कुठे आहे हे मला डोळे मिटून माहीत होतं. शाईच्या रेघा अजून पुसट दिसत होत्या.

आता पट्टीचं सांगतो, कारण सगळं तिथे आहे. आबांची रीत अशी की पहिल्या दिवशी पट्टी सैल बांधायची. पट्टीखाली करंगळी शिरली पाहिजे. कारण लेप वाळताना आखडतो आणि हात आतून सुजत असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन नखं बघायची, बोटं हलवून बघायची, आणि मग आवळायची. “आज बांधायची, उद्या आवळायची,” असं ते म्हणत. हे मला तोंडपाठ होतं. पण उद्या मी नव्हतो. उद्या सकाळी माझा पेपर होता, आणि त्यापुढे अख्खा आठवडा प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षा.

मी पट्टी ओढून आवळायला लागलो तेव्हा आबा म्हणाले, “सैल ठेव. उद्या आवळू.”

“उद्या मी नाही, आबा.”

“मी हाये की. मी बगतो.”

“तुमच्या हातानं कशी आवळणार?” मी म्हटलं. शंभर माणसांत म्हटलं. “सैल राहिली तर हाड सरकेल. आजच आवळून टाकतो.”

आबांनी कामट्यांची पिशवी बाजूला सारली. मग म्हणाले, “तुमच्या शिक्षनात तसं आसंल.” माझ्याशी ‘तुमच्या’ असं ते त्याआधी कधी बोलले नव्हते.

मी आवळली. जोडीदारानं ओठ दाताखाली धरला पण हूं की चूं केलं नाही. मी त्याला बजावलं, “मी शनिवारी येतो. तोपर्यंत सोडायची न्हाई. कुणी सांगितलं तरी न्हाई.” तो म्हणाला, “व्हय.” त्याला लोकांनी बैलगाडीत घातलं आणि मी तळेगाव स्टेशनचा रस्ता धरला. गाडीत खिडकीशी बसून मी छातीची पानं वाचली. पाठांतर चांगलं झालं.

सोमवारचा पेपर बरा गेला. मंगळवारी दुपारी पोस्टकार्ड आलं. आबांनी बाजारातल्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं होतं. अक्षर सुंदर होतं. ‘हात फार ठणकतो. झोप नाही. बोटे फुगली आहेत. नखे काळी पडत चालली आहेत. तुम्ही सोडू नका म्हणालात म्हणून सोडू देत नाही. तरी सैल करावी काय ते कळवावे.’

नखं काळी. ते वाचल्यावर मला काय कळलं आणि काय नाही, हे मी पुढे किती तरी वर्षं स्वतःला विचारत आलो. रक्त जात नसलं की नख काळं पडतं हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. मी रेल्वेचं वेळापत्रक काढून पाहिलं. संध्याकाळच्या गाडीनं जाऊन पहाटेच्या गाडीनं परत येता आलं असतं. प्रॅक्टिकल बुधवारी दहाला होतं. म्हणजे जमत होतं. फक्त रात्रीचा अभ्यास बुडाला असता. मी वेळापत्रक मिटून ठेवलं. गेलो नाही तर नाही, निदान कार्डावर ‘सोडा’ एवढी दोन अक्षरं लिहायची. तीही लिहिली नाहीत. सोडली आणि हाड सरकलं, तर हाड माझ्या हातून बिघडलं असं झालं असतं. मी लिहिलं, ‘ठणका असणारच. सोडू नये. शनिवारी येतो.’ कार्ड पेटीत टाकून आलो आणि त्यांचं कार्ड खूण म्हणून पुस्तकात घातलं.

शुक्रवारी तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, “हाताची पुढची बाजू सांगा. कोपराखाली.” मी डोळ्यांपुढे त्याचा हात आणला. मूठ वळलेली. आठही सांगितले, क्रमानं, कुणाला कुठून रक्त मिळतं ते सांगितलं. ते म्हणाले, “शाबास. असं कुणी सांगत नाही.” बाहेर आल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. काही झालं नाही. भूक लागली होती म्हणून भजी खाल्ली.

शनिवारी लोणावळ्याला उतरलो आणि घरी न जाता कुरवंड्याची चढण धरली. ऊन होतं. वाटेत करवंदं पिकायला लागली होती. तो पडवीत बसला होता. मला बघून हसला.

“ठनका गेला बग,” तो म्हणाला. “बुधवारपास्नं. तू म्हनालास तसंच झालं. आता कायबी लागत न्हाई.”

आबाही तिथे आले होते. ते खांबाला टेकून उभे होते.

लेप कौलासारखा कडक झाला होता. विळ्यानं पट्टी कापली आणि लेप फोडून काढला. आतला हात मी पाहिला. कातडीवर फोड आले होते, बोटं अर्धी मिटलेली आणि गार. चैत्राच्या उन्हात गार. मी म्हटलं, “बोटं सरळ कर.” ती झाली नाहीत. मी ती सरळ करू गेलो तर पुढे जाईनात. कुंपणाच्या करवंदीचा एक काटा मोडून आणला आणि त्याच्या तर्जनीच्या टोकाला टोचला. रक्ताचा ठिपका आला.

“टोचलं का?”

“काय?” तो म्हणाला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

आबा पडवीतून उतरले आणि निघून गेले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत, तेव्हाही आणि नंतरही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटायला लागलं ते पुष्कळ पुढे. त्या दिवशी मला काहीच वाटत नव्हतं. ज्याला रडू यायला हवं तो मी होतो, आणि मी कामट्या मोजून पिशवीत भरत होतो.

सोमवारी त्याला पुण्याला आमच्याच इस्पितळात आणलं. दुसरं कुठे नेणार? सर्जन साहेब वरच्या वर्गाच्या पोरांना घेऊन खाटेखाटेनं फिरत होते. ते आम्ही बसलो होतो त्या बाकापाशी आले, त्याचा हात उचलला, बोटं बघितली आणि सुस्कारा टाकला. मग मला ओळखून म्हणाले, “तू पहिल्या वर्षाचा ना? तो पहिलवान. हा कोण तुझा?”

“गावाकडचा,” मी म्हटलं.

ते मराठीत त्याला म्हणाले, “हाड उत्तम बसवलंय. पण पट्टी इतकी आवळलीय की रक्तच बंद पडलं. आतलं मांस मेलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोडली असती तर बराचसा हात वाचला असता. कुणी बांधली ही?”

त्याला हे तिथे, त्या क्षणी कळलं. त्याच्या चेहऱ्यावर मी ते कळताना पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला दिसत होतं. प्रिन्सिपॉल साहेबांचा तो नियम मीच त्याला कधीतरी थट्टेनं सांगितला होता.

“जत्रंतला येक हाडवैद्य हुता,” तो म्हणाला.

“नाव काय त्याचं?”

“नाव ठावं न्हाई. लांबचा हुता.”

सर्जन साहेब पोरांकडे वळले आणि इंग्रजीत बराच वेळ बोलले. अशा अडाणी लोकांपायी किती हात जातात, ते बोलले. पोरं वहीत लिहीत होती. एकानं मला जागा करून दिली, म्हणून मीही पुढे होऊन ऐकलं. दोन पावलं टाकून ‘मी बांधली’ म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं नाही. माझ्या हातात त्याचा फेटा होता, तो मी धरून उभा राहिलो.

परतीच्या पॅसेंजरला गर्दी नव्हती. तळेगाव मागे गेलं. वडगावला गाडी थांबली होती तेव्हा मी म्हटलं, “मीच आवळली ती.”

“मग? तितं मीच हुतो की,” तो म्हणाला.

“कार्ड आलं तेव्हा मला यायला जमत होतं. गाडी होती.”

 गाडी सुटली. कामशेतपर्यंत तो बाहेर बघत होता, उन्हानं भाजलेल्या खाचरांकडे. मग त्यानं तो हात दुसऱ्या हातानं उचलून माझ्या मांडीवर ठेवला, पूर्वी ठेवायचा तसा, आणि आठ नावं म्हणायला लागला. एकही चुकला नाही. पामारीससुद्धा होतं. म्हणून झाल्यावर विचारलं, “ह्यातलं आता कंचं चालू हाय?”

मी कोपरापासून चाचपत खाली गेलो. म्हटलं, “मूठ वळ.” त्यानं जोर लावला, मानेच्या शिरा ताठल्या. बोटं होती तशीच राहिली. कोपराजवळ एके ठिकाणी माझ्या अंगठ्याखाली थोडंसं हललं.

“एक,” मी म्हटलं. “हा. हितं.”

“येकच?”

“एकच.”

“बरं,” तो म्हणाला, आणि लोणावळा येईपर्यंत हात तिथेच होता.

पावसाळा लागायच्या आत निकाल लागला. शरीरशास्त्रात मी स्कूलमध्ये पहिला आलो. वडिलांनी ट्रंकेवरची अक्षरं पुन्हा रंगवली. मास्तर म्हणाले, “जमवलंत की पहिलवान दोन्ही.” मी कुस्ती सोडली आहे हे त्यांना सांगितलं नाही. निकाल सांगायला कुरवंड्यालाही गेलो नाही. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस जवळ आले होते, आणि त्याच्या घरी नांगर कोण धरणार ते मी कुणाला विचारलं नाही.

पण निकाल त्याला कुठून तरी कळला. रविवारी तालमीतून बोलावणं आलं. गेलो. पोरं ओळीनं मातीच्या कडेला बसली होती, आबा कोनाड्याखाली पाट टाकून बसले होते. जोडीदार उभा होता, उजवा हात पोटाशी दुमडलेला. द्रोणात पेढे होते. तो एकेकाच्या पुढे जाऊन पेढा देत होता, डाव्या हातानं.

प्रसाद काय, पेढा काय, डाव्या हातानं द्यायचा नसतो. तालमीत एखाद्या पोरानं चुकून दिला तर आबा पाठीत रट्टा घालत. त्या दिवशी आबा खाली मातीकडे बघत राहिले. पोरांनी एकेकानं हात पुढे केला आणि पेढा घेतला. 

शेवटी तो माझ्यापुढे आला. मी उजवा हात पुढे केला.

“घे,” तो म्हणाला. “माज्याच हातावर केलतास की अब्यास.”

तो चिडून म्हणाला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि ते खरंही होतं. मी पेढा तोंडात टाकला. गोड लागला. दिव्याला तेल घालायची पाळी त्या दिवशी माझी होती, ती त्यानं आधीच घालून ठेवली होती.